वर्तुळ आले कोठून?

हा लेख नुसता वाचायचा नाही. जवळ कागद-पेन्सिल घेऊन बसा, कारण सुरुवातीलाच एक साधी बेरीज करायची आहे.

गणितात ‘इ’ या अक्षराने ओळखली जाणारी एक संख्या आहे. तिची किंमत २.७१८२८... अशी न संपणारी आहे. चक्रवाढ व्याजापासून किरणोत्सर्गी पदार्थांच्या ऱ्हासापर्यंत, जेथे जेथे वाढ किंवा घट ही शिल्लक मालाच्या प्रमाणात होते, तेथे तेथे ही संख्या भेटते. आता क्ष ही कोणतीही संख्या घ्या. तिचा वर्ग करा. ‘इ’ चा तितकावा घात काढा आणि १ ला त्या घाताने भागा. जे उत्तर येईल त्याला आपण घ(क्ष) असे नाव देऊ. उदाहरणार्थ, क्ष = १ असेल तर घ(१) म्हणजे १ ÷ २.७१८२८, अर्थात ०.३६७९. क्ष = २ असेल तर वर्ग होतो ४; म्हणून १ ला ‘इ’ च्या चौथ्या घाताने, म्हणजे सुमारे ५४.६ ने भागायचे. उत्तर ०.०१८३. आणि क्ष = ० असेल तर? कोणत्याही संख्येचा शून्यावा घात १ असतो, म्हणून घ(०) = १.

शून्यापासून अर्ध्या-अर्ध्याने पुढे जात चार दशांश स्थळांपर्यंत काढलेल्या किमती अशा येतात:

घ(०) = १.००००
घ(०.५) = ०.७७८८
घ(१) = ०.३६७९
घ(१.५) = ०.१०५४
घ(२) = ०.०१८३
घ(२.५) = ०.००१९
घ(३) = ०.०००१

पुढच्या किमती इतक्या लहान आहेत की आपल्या चार स्थळांत त्या शून्यच. क्ष ऋण घेतला तरी वर्ग धनच येतो, म्हणून घ(−१) आणि घ(१) सारखेच. आता ऋण बाजूच्या आणि धन बाजूच्या सर्व किमतींची बेरीज करा. घ(०) एकदाच येईल, बाकीच्या दोनदा येतील. बेरीज होते ३.५४४८. आपण अर्ध्या-अर्ध्याच्या पावलाने चाललो, म्हणून तिची निम्मी करा: १.७७२४.

या संख्येत काही ओळखीचे वाटते का? नाही वाटणार. पण आता तिचा वर्ग करून पाहा. १.७७२४ × १.७७२४ = ३.१४१४. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर, ज्याला आपण ‘पाय’ म्हणतो, ते आहे ३.१४१५९... आपण चारच दशांश स्थळे घेतली, म्हणून शेवटी थोडा फरक पडला. अधिक स्थळे घेऊन पाहिलेत तर उत्तर ‘पाय’ च्या आणखी जवळ सरकेल.

आपण ना वर्तुळ काढले, ना परीघ मोजला, ना कंपास हातात घेतला. काही भागाकार आणि एक बेरीज, एवढेच केले. मग वर्तुळ आले कोठून? या लेखाचा प्रश्न तो आहे. त्याचे उत्तर गणितातल्या एका अवघड समजल्या जाणाऱ्या भागात, दुहेरी समाकलनात, दडलेले आहे. महाविद्यालयात त्याला ‘डबल इंटिग्रेशन’ म्हणतात आणि पुष्कळ विद्यार्थी त्याला घाबरतात. तुम्ही घाबरण्याचे कारण नाही; हजेरीपटाची बेरीज तुम्हाला येत असली म्हणजे पुरे.

आधी आपण काय मोजले ते पाहू. घ(क्ष) चा आलेख काढला तर मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरत जाणारा, टांगलेल्या घंटेसारखा आकार दिसतो. त्याच्या खालच्या जागेचे आपण अर्धा एकक रुंदीचे उभे पट्टे पाडले, प्रत्येक पट्ट्याची उंची गुणिले रुंदी केली आणि बेरीज घेतली. म्हणजे घंटेखालचे क्षेत्रफळ काढले, तेही अंदाजाने. पट्टे अधिकाधिक अरुंद करत नेले की अंदाज खऱ्या क्षेत्रफळाला जाऊन भिडतो. अशा रीतीने असंख्य अरुंद पट्ट्यांची बेरीज घेण्यालाच समाकलन म्हणतात आणि त्या बेरजेला समाकल.

पुष्कळ वक्रांच्या बाबतीत पट्टे पाडण्याची गरजच पडत नाही, कारण क्षेत्रफळाचे तयार सूत्र मिळते. क्ष² च्या आलेखाखालचे शून्यापासून एकपर्यंतचे क्षेत्रफळ बरोबर एक तृतीयांश आहे. मग घ(क्ष) चेही सूत्र शोधावे की! अनेकांनी शोधले. कोणालाच सापडले नाही. आणि मौज अशी की ते पुढेही कोणाला सापडणार नाही. घात, मुळे, लॉगरिथम, त्रिकोणमितीतील गुणोत्तरे अशी आपली नेहमीची हत्यारे कितीही वेळा वापरून घ(क्ष) च्या क्षेत्रफळाचे सूत्र बनवता येत नाही, हे सिद्ध करण्याचा मार्ग फ्रेंच गणिती जोझेफ लिऊव्हील यांनी १८३० नंतरच्या दशकात घालून दिला. ‘अजून सापडले नाही’ आणि ‘सापडणे शक्य नाही’ यांत केवढे अंतर आहे! दोनचे वर्गमूळ अपूर्णांकाच्या रूपात मांडता येत नाही, तशातलाच हा प्रकार.

आता हे क्षेत्रफळ हवे तरी कोणाला? हवे आहे, आणि फार निकडीने. शंभर नाणी एकदम उडवली तर बरोबर पन्नास छापे पडण्याची शक्यता किती? सरळ हिशेब करायचा तर प्रचंड मोठ्या संख्यांचे गुणाकार-भागाकार करावे लागतात. इंग्लंडमध्ये आश्रय घेतलेले फ्रेंच गणिती आब्राआम द म्वाव्र यांनी १७३३ साली यावर उपाय काढला. नाण्यांची संख्या मोठी असेल तर शक्यता घंटेच्या आकाराने पसरतात, हे त्यांना दिसले. त्यांच्या सूत्रात एक स्थिर संख्या येत होती. तिची किंमत त्यांनी कष्टाने आकडेमोड करून काढली होती, पण ती नेमकी कोणती संख्या, हे त्यांना उमगत नव्हते. ते त्यांचे मित्र जेम्स स्टर्लिंग यांनी सांगितले: एक त्रिज्येच्या वर्तुळाचा जो परीघ, त्याचे वर्गमूळ. म्हणजे ‘पाय’ च्या दुपटीचे वर्गमूळ, २.५०६६. नाणी शंभर असतील तर उत्तर २ ÷ (२.५०६६ × १०), म्हणजे ०.०७९८, जवळजवळ आठ टक्के. खरा, लांबलचक हिशेब केला तर ०.०७९६ येतो. आपल्या १.७७२४ ला दोनच्या वर्गमुळाने गुणले तर २.५०६६ च्या अगदी शेजारी पोहोचाल.

म्हणजे नाण्यांच्या खेळातही वर्तुळ शिरले! पुढे लाप्लास यांनी १७७४ साली या क्षेत्रफळाची किंमत सिद्ध केली. गाउस यांनी १८०९ साली ग्रहांच्या निरीक्षणांतील चुकांचा विचार करताना हीच घंटा वापरली आणि श्रेय लाप्लासना दिले. पण वर्तुळ कोठून येते हे डोळ्यांना दिसेल अशी सिद्धता सीमेआँ दनी प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञांच्या नावे सांगतात. तीच आता आपण पाहू.

शाळेतला हजेरीपट आठवा. आडव्या ओळीत एकेका विद्यार्थ्याची महिनाभराची हजेरी असते. उभ्या स्तंभात एकेका दिवशी किती हजर होते ते असते. महिनाअखेर गुरुजी आडव्या बेरजा घेतात, उभ्या बेरजा घेतात आणि दोन्हींची एकूण बेरीज जुळते का ते पाहतात. जुळलीच पाहिजे, कारण चौकटी त्याच आहेत. मोजण्याचा क्रम तेवढा बदलला. दुहेरी समाकल म्हणजे असाच एक हजेरीपट, मात्र त्याच्या चौकटी अतिशय बारीक असतात आणि प्रत्येक चौकटीवर एक उंची असते. चौकटीचे क्षेत्रफळ गुणिले उंची, या साऱ्यांची बेरीज म्हणजे त्या जमिनीवर रचलेल्या राशीचे घनफळ.

रास हा शब्द मी मुद्दाम वापरला. खळ्यात ज्वारीची रास पडते, तशी एक रास आपण कल्पनेने रचू. जमिनीवर एकमेकांना काटकोनात छेदणारे दोन अक्ष आखा. एका अक्षावरचे अंतर क्ष, दुसऱ्यावरचे य. प्रत्येक बिंदूवर घ(क्ष) × घ(य) इतकी उंची द्या. मध्यभागी उंची १ × १ = १; तेथून कोणत्याही दिशेला गेलात तरी रास उतरत जाते. ही रास पायलीने मोजता येणार नाही. ती आपण कापून मोजू, आणि दोन तऱ्हांनी कापू.

पहिली तऱ्हा: पावाच्या कापांसारखे सरळ काप पाडा. एका कापात य ठरलेला आहे, फक्त क्ष बदलतो. त्या कापाची उंची सर्वत्र घ(क्ष) ला घ(य) ने गुणून मिळते. घंटेखालचे जे क्षेत्रफळ आपल्याला हवे आहे त्याला ‘स’ म्हणा. मग या कापाच्या तोंडाचे क्षेत्रफळ स × घ(य). आता सर्व काप एकत्र करा. ‘स’ सगळ्या कापांत सारखाच आहे, तो बाहेर ठेवा. उरली सर्व घ(य) ची बेरीज, तीही पुन्हा ‘स’ च. म्हणून राशीचे घनफळ स × स, म्हणजे स².

छान, पण ‘स’ च माहीत नाही तर ‘स’ चा वर्ग घेऊन काय करायचे? एक अज्ञात होते, त्याचे घनफळ करून आपण काम उलट वाढवले असे वाटेल. येथेच प्वासाँची युक्ती आहे. राशीकडे जरा वरून पाहा. उंची आहे घ(क्ष) × घ(य). घातांकांचा नियम तुम्हाला ठाऊक आहे: पाया एकच असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज होते. म्हणून ही उंची म्हणजे १ ला ‘इ’ च्या (क्ष² + य²) इतक्याव्या घाताने भागून येणारी संख्या. आणि क्ष² + य² म्हणजे काय? पायथागोरसचा सिद्धांत! मध्यबिंदूपासूनचे अंतर ‘र’ असेल तर क्ष² + य² = र². म्हणजे उंची फक्त मध्यापासूनच्या अंतरावर अवलंबून आहे. दिशेवर मुळीच नाही. पूर्वेला दोन पावले जा, ईशान्येला दोन पावले जा, उंची सारखीच. आपण चौकोनी आखणीवर रचायला घेतलेली रास प्रत्यक्षात गोल निघाली.

गोल रास सरळ कापांनी कापण्यात शहाणपण नाही. कांद्याच्या चकतीत एकात एक कडी असतात, तशी गोल कडी पाडावीत. ही दुसरी तऱ्हा.

मध्यापासून र अंतरापर्यंतच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ पाय × र². हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून र² ला ‘व’ म्हणू. तर क्षेत्रफळ झाले पाय × व. आता ‘व’ अगदी थोडा, समजा ‘द’ इतका वाढवला. वर्तुळाभोवती एक बारीक कडे वाढेल आणि त्याचे क्षेत्रफळ असेल पाय × द. त्या कड्यावर राशीची उंची आहे १ भागिले ‘इ’ चा ‘व’ वा घात. उंचीला क्षेत्रफळाने गुणले की कड्यावरच्या मालाचे घनफळ आले. प्रत्येक कड्यात ‘पाय’ आहे, तो बाहेर काढा. आत उरते ते दुसऱ्याच, पण पुष्कळ सोप्या वक्राखालचे क्षेत्रफळ: ज्याची उंची ‘व’ या ठिकाणी १ भागिले ‘इ’ चा ‘व’ वा घात आहे. येथे वर्ग नाही, साधा ‘व’ आहे, आणि सारा फरक त्यानेच पडतो.

कारण ‘इ’ या संख्येचा गुणच असा की हा वक्र ज्या ठिकाणी जितका उंच, त्या ठिकाणी तितक्याच वेगाने खाली उतरतो. उंची अर्धा असेल तेथे उतरण्याचा वेगही अर्धा. म्हणून ‘द’ इतके पुढे सरकलो की उंची जितकी घटते, नेमके तितकेच त्या बारीक पट्ट्याचे क्षेत्रफळ असते: उंची × द. तर मग सर्व पट्ट्यांची बेरीज किती? जितका एकूण उतार, तितकी! वक्र १ पासून निघतो आणि उतरत उतरत शून्याशी जातो. एकूण उतार १. म्हणून क्षेत्रफळ १ आणि राशीचे घनफळ पाय × १, म्हणजे ‘पाय’.

रास एकच आहे. सरळ कापली तर घनफळ स², कड्यांनी कापली तर ‘पाय’. म्हणून स² = पाय, आणि ‘स’ म्हणजे ‘पाय’ चे वर्गमूळ, १.७७२४५... वर्तुळ आपल्या घंटेत नव्हतेच. दोन घंटांच्या गुणाकारातून जी रास झाली, तिच्यात होते. जिचे सूत्र निघतच नाही अशा घंटेचे एकूण क्षेत्रफळ मात्र आपण बिनचूक काढले. अधल्यामधल्या तुकड्याचे, म्हणजे ० ते १ पर्यंतचे, क्षेत्रफळ अजूनही सूत्राने येणार नाही. त्याला कोष्टकेच लागतात किंवा गणकयंत्र.

लॉर्ड केल्व्हिन ग्लासगो विद्यापीठात शिकवत असत. त्यांची एक गोष्ट सांगतात. एकदा त्यांनी फळ्यावर हाच समाकल लिहिला, त्यापुढे ‘पाय’ चे वर्गमूळ लिहिले आणि वर्गाला सांगितले की दोन दुणे चार हे जितके तुम्हाला उघड दिसते तितके हे ज्याला उघड दिसते तो गणिती. आणि लिऊव्हील हे गणिती होते. विद्यार्थ्यांना त्या दिवशी काय वाटले असेल! माझ्या मते केल्व्हिननी थोडा अन्यायच केला. ही गोष्ट पाहताक्षणी कोणालाच उघड दिसत नाही. रास रचून दोनदा कापल्यावर दिसते, आणि मग ती तुम्हालाही दिसते.

एक शंका चाणाक्ष वाचकाला येईल. हीच युक्ती दुसऱ्या एखाद्या अवघड वक्राला लावता येईल काय? दोन सारख्या वक्रांचा गुणाकार करून रास रचावी आणि ती गोल निघावी, ही अपेक्षा. दुर्दैवाने ती जवळजवळ कधीच पुरी होत नाही. गुणाकारातून गोल रास देणारा सलग वक्र एकाच कुळातला आहे, आणि त्या कुळातला मध्यापासून दूर जाताना उतरत जाणारा वक्र म्हणजे ही घंटाच. फार तर ती रुंद किंवा अरुंद, उंच किंवा ठेंगणी करता येईल. हे दुर्दैव मानावे, पण त्यातूनच एक मोठी गोष्ट हाती लागली. जॉन हर्शेल यांनी १८५० साली असा विचार मांडला: खुणेवर नेम धरून वरून चेंडू टाकले तर ते आजूबाजूला पडतात. डावी-उजवीकडची चूक आणि पुढची-मागची चूक एकमेकींवर अवलंबून नाहीत, म्हणून गुणाकार. कोणतीही दिशा लाडकी नाही, म्हणून रास गोल. एवढ्या दोन अटी मानल्या की चुका घंटेच्याच आकाराने पसरल्या पाहिजेत! जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६० साली असाच युक्तिवाद वायूच्या रेणूंच्या वेगांना लावला. तुमच्या खोलीतील हवेचे रेणू कोणत्याही एका दिशेने किती वेगाने धावतात, याचा आलेख काढला तर तो घंटेचाच येतो.

दुहेरी समाकल सोडवण्याची किल्ली ‘कसे कापावे’ या निवडीत आहे. कडी पाडणे ही एक निवड झाली. कधी कधी नुसती कापण्याची दिशा बदलूनही भागते. एक उदाहरण घ्या. एक एकक बाजूचा चौरस काढा, त्याचा कर्ण काढा आणि ज्यात य हा क्ष पेक्षा मोठा आहे तो त्रिकोण ठेवा. या त्रिकोणावर घ(य) उंचीची रास रचा. क्ष ठरवून काप पाडलात तर प्रत्येक कापाचे तोंड म्हणजे घंटेचा अधलामधला तुकडा. त्याला सूत्र नाही, गाडी अडली. आता य ठरवून आडवे काप पाडा. प्रत्येक कापाची लांबी य आणि उंची सगळीकडे सारखीच, घ(य). तोंड साधा आयत: य × घ(य). आणि याची बेरीज मघाच्याच ‘उतार’ युक्तीने होते. य थोडा, ‘द’ इतका, वाढला की त्याचा वर्ग सुमारे २ × य × द ने वाढतो, आणि म्हणून घ(य) ची घट होते २ × य × घ(य) × द, म्हणजे कापाच्या घनफळाची दुप्पट. एकूण उतार १ पासून ०.३६७९ पर्यंत, म्हणजे ०.६३२१; त्याचे निम्मे ०.३१६. जे एका बाजूने अशक्य होते ते दुसऱ्या बाजूने दोन ओळींत संपले.

इतके झाल्यावर असे वाटू लागते की क्रम बदलणे हा रामबाण उपाय आहे. येथे सावध राहायला हवे. शाळेच्या हजेरीपटाला शेवटची ओळ असते. समजा, एक न संपणारी वही आहे. पहिल्या ओळीत पहिल्या चौकटीत +१, दुसऱ्या चौकटीत −१, पुढे सर्व शून्ये. दुसऱ्या ओळीत पहिली चौकट शून्य, मग +१, मग −१, पुढे शून्ये. तिसऱ्या ओळीत हेच आणखी एक घर पुढे सरकवून. असे अखंड चालू. वहीत आखून पाहा. आता प्रत्येक आडव्या ओळीची बेरीज शून्य. म्हणून एकूण शून्य. उभ्या बेरजा घ्या: पहिल्या स्तंभात फक्त एक +१ आहे, त्याची बेरीज १, दुसऱ्यात −१ आणि +१, बेरीज शून्य, पुढे सगळी शून्येच. म्हणून एकूण १. वही तीच, चौकटी त्याच, आणि आडवी-उभी बेरीज जुळत नाही!

ही केवळ पोरखेळातली अडचण नव्हे. एक एकक बाजूच्या चौरसावर (क्ष² − य²) भागिले (क्ष² + य²) चा वर्ग, अशी उंची द्या. आधी य ची व मग क्ष ची बेरीज घेतली तर उत्तर ‘पाय’ चा चौथा हिस्सा येते. क्रम उलटा केला तर तितकेच, पण ऋण. कोपऱ्यातल्या (०, ०) या बिंदूजवळ एका अंगाला अमर्याद उंच सुळका आहे आणि दुसऱ्या अंगाला अमर्याद खोल खड्डा. त्यांची वजाबाकी कोणत्या क्रमाने करता यावर उत्तर ठरते. क्रम बदलल्याने उत्तर बदलते या प्रकाराचा विचार कोशी यांनी १८१४ साली पॅरिसमध्ये सादर केलेल्या निबंधात केला होता. क्रम केव्हा निर्धास्तपणे बदलावा याचा पक्का निकाल मात्र विसाव्या शतकात लागला. तो दोन इटालियन गणितज्ञांनी दिला: ग्वीदो फूबिनी यांनी १९०७ साली आणि लेओनीदा टोनेली यांनी १९०९ साली. थोडक्यात असे: सर्व उंची धन किंवा शून्य असेल तर खुशाल क्रम बदला. ऋण उंचीही असेल तर आधी सगळी ऋण चिन्हे पुसून बेरीज करून पाहा. ती सान्त आली तरच क्रम बदला. मघाच्या वहीत चिन्हे पुसली तर प्रत्येक ओळीची बेरीज २ होते आणि ओळी अनंत. म्हणून तेथे फसगत झाली. आपली घंटेची रास कोठेच ऋण नव्हती, म्हणून तिला दोन तऱ्हांनी कापण्यात काही धोका नव्हता. त्रिकोणावरची रासही तशीच.

कड्यांखेरीज आणि क्रम बदलण्याखेरीज तिसरी तऱ्हा म्हणजे जमीनच वळवणे. चौरसावर १ भागिले (१ − क्ष × य) अशी उंची दिली तर राशीचे घनफळ १ + १/४ + १/९ + १/१६ + ... या न संपणाऱ्या बेरजेइतके होते. या बेरजेचे उत्तर ‘पाय’ च्या वर्गाचा सहावा हिस्सा, १.६४४९..., हे ऑयलर यांनी १७३४-३५ च्या सुमारास वेगळ्याच मार्गाने काढले होते. टॉम ॲपोस्टल यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या सिद्धतेत चौरस ४५ अंशांनी वळवून या राशीचे काप पाडले, आणि तेच उत्तर महाविद्यालयातील विद्यार्थ्याला जमेल अशा रीतीने हाती आले. चौरसाच्या जागी घन घेऊन १ भागिले (१ − क्ष × य × झ) घेतले तर १ + १/८ + १/२७ + ... ही घनांची बेरीज मिळते. तिची किंमत १.२०२०५६९... आहे. ती अपूर्णांकाच्या रूपात मांडता येत नाही, हे रॉजे आपेरी यांनी १९७८ साली दाखवले. आणि पुढच्याच वर्षी फ्रिट्स ब्यूकर्स यांनी अशाच दुहेरी-तिहेरी समाकलांच्या साहाय्याने त्याची आटोपशीर सिद्धता दिली. पण वर्गांच्या बेरजेला जसे ‘पाय’ चे सुरेख सूत्र आहे तसे या बेरजेला आजपर्यंत कोणालाही सापडलेले नाही. कोणत्या दिशेने कापावे, हे अजून ठरायचे आहे.

आता तुमच्यासाठी एक काम. सुरुवातीची बेरीज पुन्हा करा, पण या वेळी अर्ध्याच्या पावलाने नव्हे, पूर्ण एकच्या पावलाने. म्हणजे घ(०), घ(१), घ(२), घ(३) आणि त्यांच्या ऋण जोड्या एवढ्याच घ्या. पट्टे दुप्पट जाड झाले, म्हणून चूक बरीच मोठी यावी अशी तुमची अपेक्षा असेल. बेरीज येते १.७७२६. फरक फक्त चौथ्या दशांश स्थळी! इतक्या ओबडधोबड पट्ट्यांनी इतके अचूक उत्तर का यावे? मग दीडच्या आणि दोनच्या पावलानेही करून पाहा (बेरजेला पावलाच्या लांबीने गुणायला विसरू नका) आणि चूक कशी वाढते याची नोंद ठेवा. या प्रश्नाचे उत्तरही प्वासाँच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका सूत्रात आहे, आणि त्या सूत्रात ‘पाय’ चा वर्ग पुन्हा एकदा डोकावतो.